मागे बसणाऱ्याचा ब्रेक

सत्तरच्या दशकात सोलापुरात माझ्याकडे वडिलांची जुनी मोटरसायकल होती. पुढचा ब्रेक दाबला तरी ती आपल्या मर्जीने थांबायची. एकदा उतारावर बैलगाडीला धडकता धडकता वाचलो. मंद्रूपच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बायकोने त्याच दिवशी सांगून टाकले, "आता मी तुमच्या मागे बसणार नाही. एसटीने जाईन."

मी लगेच विजापूर वेशीजवळच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. न पेटवलेली विडी ओठांत धरून तो काम करायचा. त्याने नव्या मॉडेलचा ब्रेकचा मोठा ड्रम आणि नवी केबल बसवली. मी निघणार, तेवढ्यात त्याने विचारले, "मागं कोन बसतंय?"

"बायको. पण ती आता बसत नाही."

"मग त्यास्नी आणा की. त्येंच्याबिगर ब्रेक कसा जुळवू?"

ती फणकारतच आली. तो म्हणाला, "वैनी, चालवनाऱ्याला खड्डा दिसतोय. मागच्याला निस्ती पाठ दिसती." तिला हसू आले आणि ती बसली. आम्ही गल्लीत फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीनंतर तो मला नव्हे, तिलाच धक्का बसला का ते विचारून केबल सैल किंवा घट्ट करी.

पुढे मंद्रूपच्या रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आली आणि गाडी अलगद थांबली. मी आभार मानायला गेलो, तर त्याने एवढेच विचारले,

"वैनी दचकल्या?"

"नाही. 'का थांबलात?' म्हणाली."

त्याने काडी ओढली आणि माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच ती विडी पेटवली.