सुमनमावशीसाठी शिवलेली सीट

नवऱ्याची मोटारसायकल दारात उभी असताना एखादी बाई एकटी एसटीने सासरी गेली, तर तुम्ही काय म्हणाल? उत्तराची घाई करू नका. आजवर काय म्हणत आलात ते आधी आठवा. दोघांचं फाटलेलं दिसतंय, बाई जरा तोऱ्यातच असते, त्याचं घरात काही चालत नाही... माझ्या सुमनमावशीला तुमचं हे उत्तर पाठ होतं. त्या उत्तराला भिऊन ती वर्षानुवर्षं मोटारसायकलच्या मागे बसून पनवेलहून माणगावजवळच्या सासरी जात राहिली, आणि गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी, नागोठण्याच्या अलीकडे, त्याच सीटवरून घसरून रस्त्यावर पडली.

आमच्याकडे फोन नाही. फोन खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आला. बोलणारा कुणी अनोळखी माणूस होता, रस्त्यालगतच्या दवाखान्यातून बोलत होता, आणि त्याने दिलेला निरोप काकूंनी आईला जसाच्या तसा सांगितला. "मोटारसायकलवरून मागची बाई पडली. गाडीवाल्याला काही झालेलं नाही." आईने विचारलं, "मागची बाई म्हणजे कोण?" काकूंनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. अनंतकाका, म्हणजे मावशीचे यजमान, दवाखान्याच्या पायरीवर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्या पिशवीत सासऱ्यांची औषधं होती आणि सासूबाईंसाठी नवी चप्पल.

मावशी सुकापूरच्या शाळेत शिकवायची. माझ्या वडिलांच्या चळवळीमुळे आमचं घर पत्रकांनी भरलेलं असे, मी त्यांच्या कोऱ्या पाठीवरच अक्षरं गिरवली. त्यामुळे तिने माझं नाव पुढारी ठेवलं होतं. "या पुढारी, आज कुणाचा निषेध?" असं म्हणून ती दार उघडायची. तिची जीभ तिखट होती आणि हसणं मोठं. वर्गातली मुलं तिला घाबरत नसत, मुख्याध्यापिका मात्र थोड्या घाबरत. अशी बाई अडकली आहे हे बघणाऱ्याला पटलं नसतं. मलाही पटायला वेळ लागला.

गाडी यायच्या आधी ती एसटीने जायची. दर दुसऱ्या शनिवारी सकाळची शाळा आटोपली की पनवेलच्या स्टँडवर, हातात पिशवी आणि पिशवीत एखादं मासिक. काकांची तळोज्याच्या कारखान्यात पाळी असे, ते मागून यायचे. ती खिडकी पकडायची, कर्नाळ्यापर्यंत वाचायची, पेणला शेंगदाणे घ्यायची, वडखळच्या पुढे झोपायची. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. तेव्हा तिने मला बजावलं होतं, "हे बघ, एसटीत माझ्याशी बोलायचं नाही. इथे मी कुणाची बाई नाही, सून नाही, मावशी पण नाही." मग तिने चप्पल काढली, पाय वर घेतले आणि मासिक उघडलं. मी इतक्या वर्षांत तिला इतकं ऐसपैस बसलेलं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काकांनी मोटारसायकल घेतली. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. "आता एसटीची कटकट संपली," काका म्हणाले, आणि ते तिच्यासाठीच आनंदले होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. पहिल्याच फेरीहून परतल्यावर मावशी काकांबरोबर आमच्याकडे जेवायला आली आणि ओट्याला टेकून उभ्यानेच जेवली. आईने पाट पुढे सरकवला तर म्हणाली, "नको गं. आजचं बसून झालंय. सीट आहे की पाटा-वरवंटा, काय कळेना." सगळे हसलो. काका पण हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सीटचा ध्यास घेतला. कारखान्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला विचारून झालं. कुणी सांगे, फोम जाड हवा. कुणी सांगे, जाड नको, दाट हवा. कुणी सांगे, पुढचा भाग खाली आणि मागचा वर, पायरीसारखा घ्या, मागचीला समोरचं दिसतं आणि ब्रेक दाबला तरी ती पुढे येत नाही. रात्री जेवताना ते ताटाशेजारी बोटाने सीटचे आकार काढायचे.

शेवटी स्टँडजवळच्या युसूफभाईंच्या दुकानात सीट शिवायला टाकली. दुकान कसलं, रस्त्याकडेला तोंड करून उभी टपरी, पुढे दोन-चार गाड्या, त्यांच्याभोवती रिकामटेकडे उभे. सीट तयार झाली त्या दिवशी मावशी आणि मी बाजारात होतो, म्हणून आम्हीही गेलो. काका पुढे बसले, उसळी घेऊन पाहिली. मग मागे सरकले आणि दोन्हीकडे पाय टाकून मागच्या भागावर बसून पाहिलं. "वा! मागची तर पुढच्यापेक्षा भारी झालीय." युसूफभाई खुश. "अनंतशेठ, गोव्यापर्यंत जा. भाभींना जरा तकलीफ झाली तर माझं नाव बदला." मी म्हटलं, मावशीलाच बसवून बघा ना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. युसूफभाई अवघडून म्हणाले, "भरबाजारात भाभी कशा बसतील, बेटा?" मावशीने माझा दंड धरला. "चल गं पुढारी, भाजी घ्यायचीय."

इथेच ती चूक झाली, आणि ती करणारे सगळे भले लोक होते. काकांनी मागची सीट बसून पाहिली ती पुरुषासारखी, दोन्हीकडे पाय टाकून. मावशी बसणार होती साडी नेसून, दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून. दोन्हीकडे पाय टाकणाऱ्याला ती सीट खरोखर आरामाची होती. मध्ये भरीव, कडांना उतरती, वर गुळगुळीत रेक्झिन. एका बाजूला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला येते ती कडच. ती उतरती आणि मऊ असली की बसणारी हळूहळू बाहेरच्या बाजूला घसरत जाते. जुन्या सीटवर धरायला आडवा पट्टा तरी होता. नव्या फोमवर तो रुतायला लागला, दिसायलाही वाईट दिसत होता, म्हणून काढून टाकला. "पट्टा कशाला? मी आहे की धरायला," काका म्हणाले. पण तिचा एक हात मांडीवरची पिशवी धरण्यात अडकलेला असे, आणि दुसऱ्या हाताने माणूस शेवटी किती धरणार...

पहिल्या फेरीनंतर मी तिला विचारलं, कशी आहे सीट? ती म्हणाली, "मऊ आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "पेणपर्यंत मी सारखी मागे, आत सरकते, पेणनंतर सीट मला पुढे, कडेकडे ढकलते. पोटऱ्या दगड होतात गं, नुसतं टिकून राहायचं म्हणून." मी उसळले. म्हटलं, काकांना सांग. ती म्हणाली, "काय सांगू? महिनाभर माझ्यासाठी फोम शोधत फिरला तो माणूस. दारू पीत नाही, हात उगारत नाही, माझ्या पाठीची काळजी करतो. त्याला सांगू, की तुझी काळजी मला टोचते?"

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. पत्रकात वरच्या बाजूलाच शत्रूचं नाव असतं, मोठ्या टाइपात. जमीन लाटणारा, मजुरी बुडवणारा, खोटं बोलणारा. त्याच्याकडे बोट दाखवून बोलता येतं. मावशीच्या बाबतीत मी कुणाचं नाव मोठ्या टाइपात छापू? काकांचं? युसूफभाईंचं? अशी कोंडी मी कुठल्या पत्रकात वाचली नव्हती.

एक प्रयत्न मात्र तिने केला. माझा पंजाबी ड्रेस तिला थोडा घट्ट व्हायचा, तो घालून ती एका शनिवारी दोन्हीकडे पाय टाकून बसली. पळस्प्याचा फाटा गेल्यावर, ओळखीचं कुणी दिसायचं थांबल्यावर. परत आली तेव्हा डोळे लकाकत होते. "अगं, डोंगर दिसतो! दोन्ही बाजूंचा! इतकी वर्षं मी नुसती डावीकडचीच गटारं बघत होते." पण गावाच्या वेशीवर काकांना गाडी थांबवायचं सुचलं नाही, की तिलाच उतरून नीट बसावंसं वाटलं नाही, कोण जाणे. ती तशीच गावात शिरली. पारावरून कुणीतरी हाक मारली, "काय रं अनंता, बायकोला घोड्यावर घालून आणलीस का?" पारावर हशा. रात्री सासूबाईंनी तिला वेगळं घेऊन सांगितलं. त्याही वाईट बाई नव्हेत. "माझं काय नाय गं म्हणणं. तुला बरं वाटतं तशी बस. पण लोकं त्याला हसतात, त्याचं तोंड बारीक होतं, ते मला बघवत नाय." पुढच्या फेरीला मावशी साडी नेसून डावीकडे पाय सोडून बसली. माझा ड्रेस तिने धुऊन, इस्त्री करून परत दिला.

त्यानंतर राहिली एसटी. गेल्या दिवाळीनंतर तिची कंबर फारच धरली, तेव्हा तिने काकांना विचारलं. मी तिथेच होते. "अहो, तुम्ही गाडीने व्हा पुढे, मी एसटीने येते. आधी नव्हते का येत?" काका चिडले नाहीत, त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "सुमन, स्टँडवर कुणी बघितलं तर काय सांगू? गाडी असून बायकोला एसटीत घालतो म्हणतील. आणखी थोडा फोम वाढवून घेतो ना..." मावशी माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला अजून नीट लिहिता येत नाही. "वाढवा," ती म्हणाली.

फोम वाढवला. सीट आणखी उंच, आणखी मऊ झाली. बाकीचं तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात सांगितलं आहे. एवढंच राहिलं की ती पडली हे काकांना लगेच कळलं नाही. खड्ड्यातून गाडी उसळली, पुढे गेली, आणि गाडी हलकी झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं ते पुढच्या वळणावर. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, भिंतीकडे बघत.

भेटायला येणारे म्हणत होते, वेळ आली होती. काका सगळ्यांना एकच सांगत होते, "सीट फार आरामाची होती हो. सकाळची शाळा करून दमली होती. झोप लागली असणार तिला." ऐकणारे मान हलवायचे. मी दाराशी उभी राहून ऐकायची. त्या सीटच्या कडेवर, पोटऱ्या आवळून, पिशवी सांभाळत बसलेल्या बाईला झोप लागू शकत नाही. झोप तिला एसटीत लागायची, वडखळच्या पुढे. पण मी हे काकांना म्हणाले नाही. ते रोज त्या एका वाक्याला धरून उठत आहेत, तेवढंही त्यांच्या हातून काढून घ्यायचं धैर्य माझ्यात नाही.

परवा गाडी विकायला काढली. बेलपाड्याचं एक तरुण जोडपं बघायला आलं. मुलाने इंजिन ऐकलं, मग सीटवर तळवा दाबला. "मस्त आहे हो. बनवून घेतलेली दिसते." त्याची बायको फाटकाशी साडीचा पदर धरून उभी होती. काका अचानक तिला म्हणाले, "ताई, तुम्ही एकदा बसून बघा." मुलगी नवऱ्याकडे बघून लाजली. "नको, मला काही पण चालतं." मुलगा हसला, "तिला काय, ती बसते कशीही." काकांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. गाडी गेली. ती मुलगी मागे बसली, डावीकडे पाय सोडून, आणि कोपऱ्यावर वळताना मी पाहिलं... ती थोडी मागे सरकली.

हे वाचणाऱ्या पुरुषांना माझी एक विनंती आहे. माझ्या मावशीसाठी हळहळू नका. येत्या रविवारी तुमच्या गाडीची किल्ली भावाच्या किंवा मित्राच्या हातात द्या. तुम्ही मागे बसा. दोन्ही पाय डावीकडे सोडा, कंबरेला लुंगी असू द्या, मांडीवर भरलेली पिशवी घ्या आणि ती एका हाताने धरा. फार लांब जाऊ नका, पनवेलहून पळस्प्याच्या फाट्यापर्यंतच जा. वाटेत कुणी हसलं तर हसू द्या, पण उतरू नका. मग घरी या, पाय झटका, आणि पाणी मागायच्या आधी तिला विचारा, तुला कसं जायला आवडेल? ती लगेच सांगणार नाही. म्हणेल, मला काही पण चालतं. तेव्हा समोरून हलू नका. पुन्हा विचारा.