फरकांड्याचा मनोरा आणि आबांचा शब्द

जायचं ठरलं ते भांडणातून. माझे वडील, आबा, लहानपणी एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांवर चढले होते. एक हलवला की दुसरा आपोआप हलायचा, असं ते आयुष्यभर सांगत आलेत, आणि त्यांची धाकटी बहीण अक्का आयुष्यभर हसत आलीय. या दिवाळीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ, तू नुसता फेकस!" आबा भरल्या ताटावरून उठले. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. म्हटलं, दोघं गाडीत बसा, निकालच लावू.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल, मग कासोद्याकडे. हायवे झकास, पुढे जरा जपून. एरंडोलला शेवभाजी खा. तर्री अशी की अक्कासुद्धा गप्प बसली! पाणी सोबत ठेवा. तिकीट-बिकीट काही नाही.

मनोरा एकच उभा आहे. दुसरा कधीच कोसळलाय, आणि उरलेल्या जीर्ण मनोऱ्याला धक्का द्यायचा नसतो.

"आते काय हालाडशी?" आता काय हलवशील, असं अक्काने डिवचलं.

"मन्हा डोयाघाई देखेल शे," स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, असं आबा पुटपुटले.

मी तयारीनेच आले होते. दोन कडुलिंबांच्या झाडांमध्ये आडवी दोरी ताणली आणि त्या दोरीला सुतळीने एकेक तांब्या लटकवायला लावला, एक आबांना, एक अक्काला. आबांनी आपला झुलवला. अक्काचा जरासा थरथरला, बस.

"देख!" अक्काने टाळी वाजवली. आबा लांब दगडावर जाऊन बसले.

मग पाहिलं, तर विहिरीवर बादली बांधायच्या सवयीने अक्काने सुतळीला भरमसाट वेढे मारलेले! तिची सुतळी आखूड झाली होती. झोक्याची लय ठरते लांबीवर, आणि लय जुळली नाही तर एकाचं हलणं दुसऱ्यात नीट शिरत नाही. दोन्ही सुतळ्या सारख्या केल्या आणि आबांना हाताला धरून आणलं.

त्यांनी तांब्या झुलवला. अक्काचा हळूच डुलू लागला, मग चांगलाच, आणि आबांचा चक्क थांबला! तांबे आपापल्या सुतळीलाच होते, दोरीतून गेलं ते फक्त हलणं. लाटेचंही असंच असतं, मग ती पाण्यातली असो की मनोऱ्यांखालच्या भिंतीतली. मी म्हटलं, "यावरून मनोऱ्यांचं सिद्ध होत नाही, पण ते अशक्यही नाही." ऐकतंय कोण!

"भाऊ, मन्हं चुकनं," अक्का म्हणाली.

आबांनी उपरण्याने नाक पुसलं. "चाल, चहा पिऊत."

घरी येऊन महिना झाला. आबा तो किस्सा आता सांगत नाहीत, अक्का सांगते. परवा पाहुण्यांना रंगवून म्हणाली, "एक मनोरा मी हालाडा, तर दुसरा हालना!" ती त्या मनोऱ्यावर जन्मात चढलेली नाही. पाहुणे हसले आणि आबांकडे बघू लागले.

"खरं शे," आबा म्हणाले.