गाड्यांच्या वेळांचं पान

पालमच्या बसस्टँडसमोर रुद्राणीचं झेरॉक्सचं दुकान आहे. येणारा-जाणारा तिलाच गाडीची वेळ विचारायचा. "लोह्याची गेली, गंगाखेडची यायचीय," हे सांगून सांगून तिचं तोंड दुखायचं. शेवटी वैतागून, कॉम्प्युटर क्लासात शिकलेलं आठवत आठवत, तिनं मोबाइलवर उघडणारं एक पान बनवलं. तेव्हा सगळ्यांकडं बटणांचेच फोन होते आणि त्या फोनांसाठी इंटरनेटची एक वेगळी, हलकी भाषा होती. वॅप म्हणायचे तिला. रुद्राणीनं त्याच भाषेत सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या. चित्र नाही, रंग नाही. रेंजची एक काडी असली तरी पान उघडायचं. स्टँडवरच्या कंट्रोलरनं वेळ बदलली की ती लगेच पानावर बदलायची. पत्ता शटरवर रंगवून घेतला होता, आणि इतकी वर्षं ते नीट चाललं.

मग एका दुपारी, नेहमी पान बघूनच स्टँडवर येणाऱ्या बायनाबाई तावातावानं दुकानात शिरल्या.

"ताई, तुमचं पान मेलं का काय? लेकानं नवा फोन घेतला, त्याच्यावर उघडंनाच. इथं येऊन बघते तर गाडी गेलेली! डोळ्याच्या दवाखान्यातला नंबर बुडाला माझा."

रुद्राणीनं तो फोन हातात घेतला, पत्ता टाकला. पान दिसलंच नाही. फोननं कसली तरी फाइल उतरवून घेतली आणि ही उघडता येत नाही म्हणाला. तिच्या स्वतःच्या जुन्या फोनवर मात्र सगळं जागच्या जागी होतं. किती जणांनी असंच करून बघितलं असेल आणि न बोलता सोडून दिलं असेल, या विचारानं तिच्या अंगाचा भडका उडाला.

तिच्या बहिणीचा मुलगा राजेश्वर पुण्यात ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत होता. तिनं त्याला फोन लावला.

"मावशी, ती भाषा आता ब्राउझरला समजत नाही. काढून टाकली," तो म्हणाला.

"कुणाला इचारून?"

"अगं, वापरणारे मूठभर उरलेत. आणि जुनी भाषा ठेवायची म्हणजे घराची जुनी खिडकी उघडी ठेवण्यासारखं. तिथून चोर शिरतात."

"माझ्या पानात काय चोरायलेत? लोह्याच्या गाडीचा टाइम?"

"तुझ्या पानातून नाही. पण तुझ्यासाठी उघडी ठेवलेली खिडकी दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. तिच्यावर कायम कुणी नजर ठेवायची?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ती जास्त चिडली. "मूठभर म्हंजे माणसं न्हाईत का ती? ते काई न्हाई, तू कंपनीत अर्ज टाक."

त्यानं टाकला. थोड्याच दिवसांत एका ओळीचं उत्तर आलं: जुन्या मोबाइल भाषेला आधार देता येणार नाही. ते त्यानं फोनवर वाचून दाखवलं.

"कुणी लिवलं हे?" रुद्राणीनं विचारलं.

तो म्हणाला, "मीच. असे अर्ज माझ्याकडंच येतात, मावशी. दुसऱ्या कुणाचा असता तरी हेच लिहिलं असतं."

तिनं फोन कट केला. त्याच्या आईचा फोन आला तरी ती नीट बोलली नाही.

राजेश्वरनं मात्र सुट्टीच्या दिवशी बसून तिचं पान नव्या भाषेत करून पाठवलं. मराठी अक्षरं ठसठशीत, गावाचं नाव दाबलं की तिकडच्याच गाड्या पुढं. पान चांगलं झालं होतं, आणि ते चांगलं झालंय याचाच तिला राग आला. तिनं आपल्या जुन्या फोनवर ते उघडून बघितलं. कोरं. स्टँडवर बसलेल्या दोघा-तिघांचे बटणांचे फोन मागून घेतले. तिथंही कोरं.

म्हणजे आता पानं दोन झाली. शटरवर पत्ते दोन, आणि आपला कुठला हे विचारणाऱ्यांची दिवसभर रीघ. ज्या कटकटीतून सुटायला पान केलं, तीच पुन्हा दारात.

परवा कंट्रोलरनं पुन्हा वेळा बदलल्या. गिऱ्हाइकं ताटकळत होती, तरी रुद्राणी झेरॉक्सचं मशीन बंद करून बसली. तिनं आधी जुनं पान दुरुस्त केलं, मग चहा घेतला. नवं सगळ्यात शेवटी.