काय केलं होतं त्याने?

नवरा गेला त्याला दोन वर्षं होत आली तरी माझं काही धड चाललं नव्हतं. अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या आमच्या घरासमोरचा बर्फ काढता काढता तो खाली बसला, तो उठलाच नाही. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, वय त्रेचाळीस, सुपारीचंही व्यसन नाही. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी तेरा दिवस डबे आणले. चौदाव्या दिवसापासून फोनवर एकच पालुपद, स्वतःला बिझी ठेव. नागपूरहून सासूबाई दर रविवारी विचारायच्या, तू त्याला बाहेर पाठवलंसच कसं? काय सांगणार, कपाळ? मी झोपलेली होते.

हे २००५ सालातलं. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. माझ्या शेजारी रक्त काढायला एक ब्लॅक बाई असायची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. आपल्या लोकांत त्यांच्याबद्दल काय काय बोलतात ते मी ऐकलेलं होतं, आणि साळसूदपणा कशाला, बोललेही होते. पण एके दिवशी माझ्या हातून रक्ताच्या चार नळ्या फुटल्या आणि मी सामानाच्या खोलीत जाऊन बसले, तेव्हा मागोमाग आली ती हीच. तिची सख्खी बहीण गेली होती, सहा वर्षांपूर्वी. ती म्हणाली, मी अजून गुरुवारी रडायला जाते, तू येतेस का?

तो गट ब्लॅक लोकांचा होता, त्यांच्यासाठीच काढलेला. डेट्रॉइटमधल्या एका चर्चच्या तळघरात भरायचा. चालवणाऱ्या बाई रिटायर्ड समुपदेशक. क्लिनिकमध्ये ब्लॅक माणसांच्या हातात फॉर्म देतात आणि ठरलेल्या भेटी संपल्या की ‘आता पुढे चला’ सांगतात, याला वैतागून त्यांनी हे स्वतःचं सुरू केलं होतं. मला येऊ द्यायचं का, असं त्यांनी गटाला आधी विचारलं. सगळे हो म्हणाले.

सुरुवातीला एका कुंडीत पळी पळी पाणी घालायचं आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. त्याच्याही आधी आजा-पणज्यांची, माहीत असतील तेवढी. अगंबाई, हे तर तर्पणच, असं माझ्या मनात आलं आणि त्या बेसमेंटमध्ये मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तिथे किती वर्षं झाली हे कुणी काढायचं नाही. बोलणारा अडकला की बाकीचे हळू आवाजात ‘सावकाश, सावकाश’ म्हणायचे, आणि अगदीच पुढे जाता येईना तर कुणीतरी नुसतं गुणगुणायला लागायचं. मग सगळे जेवायचे, पोटभर. मी तिसऱ्या गुरुवारी बर्फाचं सांगितलं. झोपले होते हेही सांगितलं. एकानेही ‘अगं, तुझी काय चूक’ असं म्हटलं नाही. एक म्हातारी मात्र माझ्या पाठीवर हात ठेवून तासभर बसून राहिली. दोन वर्षांत मला नीट झोप लागली ती फक्त त्या गुरुवारांच्या रात्री.

गटात एक गृहस्थ होते, साठीचे, पूर्वी सिटी बस चालवायचे. त्यांचा मुलगा गेल्याला चार वर्षं झाली होती. ते पाणी घालायचे, नाव घ्यायचे, आणि मग हॅट गुडघ्यावर ठेवून गप्प बसायचे. वर्षभर असंच चाललं होतं म्हणे. माझी लॅबमधली मैत्रीण सांगायची, त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलंय, मी या गुरुवारपासून त्या गुरुवारपर्यंतच जगतो, त्यापुढचा माझा मला भरवसा नाही. ते कधी बोलतील याची सगळा गट वाट बघत होता.

आणि एका गुरुवारी ते बोलायला लागले. मुलगा तेवीस वर्षांचा. गोदामात कामाला. ड्यूटी संपवून गाडीने घरी येत होता. कुठल्याशा उपनगरात पोलिसांनी गाडी थांबवली. थांबवली आणि गोळी घातली. एवढं सांगून त्यांनी श्वास घेतला. चहूकडून ‘सावकाश’ झालं. आणि मी, डोळ्यांत पाणी असताना, अगदी कळवळ्याने विचारलं, “पण काय केलं होतं त्याने?”

कुणी गुणगुणलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, फार दमलेल्या माणसासारखं. मग हॅट डोक्यावर ठेवली आणि जिना चढून निघून गेले.

परत येताना मैत्रीण ड्राइव्ह करत होती. ती म्हणाली, “चार वर्षं त्यांना सगळं जग हेच विचारतंय. पेपरवाले, वकील, शेजारी. त्या एका खोलीत कुणी विचारत नव्हतं.”

माझा स्वभाव असा की आधी मी चिडले. साधं विचारलं तर एवढं काय? पण घरी येऊन बूट काढताना लख्ख कळलं. पोलिसांनी मारलं म्हणजे पोराने काहीतरी केलं असणार, हे मी धरूनच चालले होते. तसं धरूनच मी त्या जिन्यावरून खाली उतरले होते, पहिल्या दिवसापासून. आणि वर त्यांचं जेवले होते. मला माझी किळस आली.

पुढचे दोन गुरुवार ते आले नाहीत. फोन उचलेनात. बाई घरी गेल्या तर बंद दाराआडून फक्त ‘ठीक आहे’ म्हणाले. मला अन्न गोड लागेना. त्यांनी जिवाचं काही बरंवाईट केलं तर? मी मैत्रिणीच्या मागे लागले, मला पत्ता दे, मी जाऊन पाय धरते. ती नाही म्हणाली. “माफी मागून तुला हलकं वाटेल,” ती म्हणाली, “आणि ‘असू दे’ म्हणायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडेल.”

मग बाई स्वतः हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मला भेटायला आल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर परवडलं असतं. चूक माझी, म्हणाल्या. आमच्या माणसांना दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही, हे माहीत असून मी त्यांना विचारलं. त्यांना बाहेर दिवसभर समजावून सांगावं लागतं, ते निदान तिथे नको. माझा हात त्यांनी हातात घेतला होता, तेव्हाच मला कळलं काय येतंय ते.

मी लाज सोडून म्हणाले, “मग मी कुठे जाऊ?”

दुसरा एखादा गट शोधते, म्हणाल्या. दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

त्या गुरुवारी सहा वाजता मी हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसले आणि सात वाजेपर्यंत किल्ली हातात धरून तशीच राहिले. शुक्रवारी सकाळी मैत्रीण आली, हातमोजे चढवले. विचारायचा मला धीर होईना. तिनेच सांगितलं.

“आले होते. दारात उभं राहून त्यांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. तू नाहीस असं दिसल्यावर बसले. मग बोलले, शेवटपर्यंत.”

बरं झालं, मी म्हणाले. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बाहेर पेशंटची लाइन लागली होती. मी पहिल्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधायला लागले, आणि पुढच्या गुरुवारी मी काय करणार आहे ते मला काही केल्या सुचेना.