गावाच्या अर्जातलं माझं वाक्य

कार्तिक वद्य पंचमीला, मंगळवारी सकाळी, मुर्रीच्या नाल्याकाठी आम्ही गणपत मास्तरांना अग्नी दिला. लाकडं आणि बाकीचं सामान धरून नऊ रुपये दोन आणे लागले. हजर माणसं पाच : मास्तरांचा भाचा, शेजारचे तिघे आणि मी. मास्तरांनी ज्या गावासाठी सर्वांत जास्त कागद लिहिले, त्या माझ्या गावातून मी एकटाच.

गोंदियाच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तर मुर्रीला आपल्या विधवा बहिणीकडे, कौसाबाईंकडे, राहत आणि लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून देत. एका अर्जाचे दोन आणे. बाजाराच्या दिवशी ओट्यावर वीस-पंचवीस माणसं बसलेली मी मोजली आहेत. एकदा एक जण म्हणाला, "मास्तर, सायबाच्या पाया पडून राहिलो, असं लिवा ना." मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. "पाया पडायचं तं तू जा. कागद पाया पडत नसते." सगळा ओटा हसला, पण मास्तर हसले नाहीत. ऑब्लाइज हे इंग्रजी क्रियापद तर ते फार जपून वापरत. "उपकार मागायचा असेल तं खुशाल लिही की आम्हांला ऑब्लाइज करा," ते मला सांगत. "पण समोरच्याचं ते कर्तव्यच असेल, तर तो ऑब्लाइज्ड, म्हणजे बांधील, आहे. तिथं हात पसरायचा नाही." दर रविवारी मी गोरेगावच्या रस्त्याने सायकलीवर त्यांच्याकडे जायचो आणि इंग्रजी शिकायचो. मला दुसरा मित्र नव्हता. त्यांनाही असावा असं वाटत नाही...

आमच्या गावची मालगुजारी, म्हणजे जमीनदारीचा हक्क, नागपूरच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतली, तेव्हा तलावही त्याच्याकडे गेला. पण तलावाचं पाणी आधी गावाच्या धानाला, हे जमीनसाऱ्याच्या बंदोबस्ताच्या वेळच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या सरकारी कागदात, लिहिलेलं होतं. एका वर्षी हस्ताचा पाऊस आला नाही. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला, आलं होतं. मालगुजाराचा कारभार वकिलामार्फत इंग्रजीत चाले, म्हणून गावाने मास्तरांकडून अर्ज लिहवला. त्यांनी लिहिलं की गावच्या कागदाप्रमाणे पाणी सोडण्यास आपण ऑब्लाइज्ड आहात. मी गावचा पंच आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून पक्की नक्कल मी करायची होती. घरी बसलो आणि मला भीती वाटली. एवढा मोठा माणूस चिडला तर? मी शेवटचं वाक्य बदललं : पाणी सोडून आम्हांस ऑब्लाइज करावे, ही नम्र विनंती. चौथ्या दिवशी पाणी सुटलं. मी खूश झालो आणि गप्प राहिलो.

पुढच्या वर्षीही पावसाने दगा दिला. या वेळी उत्तर आलं की तलाव शिंगाड्याच्या पिकासाठी ठेक्याने दिला आहे, पाणी सुटणार नाही; मागचं पाणी मेहेरबानी म्हणून दिलं होतं, तसं गावानेच मागितलं होतं. आम्ही तहसीलदारांकडे गेलो. मालगुजाराच्या वकिलाने माझी मागच्या वर्षीची नक्कल पुढे केली आणि शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. मास्तर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी कागद हातात मागून घेतला, अक्षर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"साहेब, हा मजकूर माझा," ते म्हणाले. "गावाने मला मराठीत हक्क सांगितला. इंग्रजीत चूक मी केली."

"अक्षर तर पंचाचं आहे," वकील म्हणाला.

"मी दिलं ते त्यांनी उतरवलं."

चूक अर्ज लिहिणाऱ्याची ठरली, म्हणून ती गावाला बाधली नाही. निकाल आमच्या बाजूने झाला, पण हुकूम यायला अकरा दिवस लागले. ब्याऐंशी एकरांपैकी सदतीस एकर धान तोवर वाळलं होतं. कचेरीबाहेर यमुनाबाई, जिची सगळी जमीन त्या सदतिसांत होती, मास्तरांसमोर उभी राहून ओरडली, "बुढ्या, तुह्या इंग्रजीनं मले बुडवलं!" मास्तरांनी छत्री उघडली आणि चालू लागले. मी मागून गेलो. म्हणालो, "मी गावाला खरं सांगतो." ते म्हणाले, "आता सांगशील तं वकील अपील करेल. मुदत सरू दे, मग सांग."

मुदत सरली. तारीख मला पाठ होती. त्या रविवारी गेलो नाही. पुढच्या रविवारी गेलो, तर त्यांनी विचारलं नाही, आणि मी बोललो नाही... ओट्यावरची माणसं पंधरावर आली, मग पाचावर, मग कोणीच नाही. ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याच्याकडे कोण जाईल? माझेही रविवार महिन्यातून एक झाले. गेलो की मास्तर एवढंच विचारत, "धान कसं आहे?" मी आकडे सांगायचो. ते मान हलवायचे. अशी पाच वर्षं गेली.

मास्तरांच्या तेराव्या दिवशी मी चावडीवर गाव जमवलं आणि सगळं सांगितलं. मग यमुनाबाई म्हणाली, "बाजारात मास्तर दिसला की म्या तोंड फिरवलं. पाच वर्षं. आता काऊन सांगून राहिला, भाऊ? आता म्या कोणाकडं पाहू?"

तिचं नुकसान तीन खंडी धानाचं होतं. बाकीच्यांचं मी दोन वर्षांत फेडीन, ते मान्य झालं आहे. तिचं या हंगामातच गाडीत भरून नेलं. तिने दोन खंडी उतरवून घेतल्या आणि तिसरी गाडीतच राहू दिली. "हे म्या तोंड फिरवलं त्याचं," म्हणाली. "मुर्रीला नेऊन दे."

गाडी मीच हाकली. यमुनाबाईला दोन खंडी, कौसाबाईंना एक खंडी, असं पोचलं. कौसाबाईंनी पायलीने मोजून घेतलं. मला बसा म्हणाल्या नाहीत.