बदलापूरची फायनल

टपली मारायची त्याला सवय होती. ऑफिसात तो आमचा सीनियर, हॅकिंगच्या स्पर्धा खेळणाऱ्या टीमचा कॅप्टन, आणि कामात खरोखर हुशार. कोणाची कमांड चुकली की मागून डोक्यात टपली बसायची. सगळे हसायचे, म्हणून मीही हसायचे. मग एकदा सरावात माझ्या हातून सर्व्हर बंद पडला आणि त्याने माझं डोकं धरून स्क्रीनवर आपटलं. भुवई फुटली. अंबरनाथला घरी मी कपाटाचं दार लागलं असं सांगितलं. टीम लगेच सोडली, नोकरी थोडी नंतर.

नवी टीम तिघांची झाली. एक कॉलेजचा सिंधी मित्र, ज्याच्या वडिलांचं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं. दुसरा बदलापूरचा, आधी जिल्ह्यातर्फे कबड्डी खेळलेला, बोलायला अगदी कमी. त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. रविवारी आम्ही दुकानाच्या पोटमाळ्यावर बसायचो. खालून तापलेल्या सोल्डरचा वास यायचा आणि पैलवान दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली फट शोधत तासन्‌तास मान वर करायचा नाही. एका कंपनीने त्याला नोकरीसाठी हेरून ठेवलं होतं. फायनलनंतर बोलू, असं त्यांनी सांगितलं होतं.

फायनल बदलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती. कम्प्युटर सिक्युरिटीची परिषद तिथे भरली होती आणि स्पर्धा मोठ्या सभागृहात. प्रत्येक टीमला सकाळी एक सर्व्हर देतात. त्यात अक्षरांची एक ओळ लपवलेली असते, तिला फ्लॅग म्हणतात. ती दर फेरीला बदलते. आपला फ्लॅग सांभाळायचा आणि दुसऱ्याचा चोरायचा, एवढाच खेळ. आयोजकांनी समोर मोठा पडदा लावला होता. एका टीमने दुसरीचा फ्लॅग चोरला की पडद्यावर लाल रेघ सुटायची आणि स्पीकरमधून गोळी झाडल्याचा आवाज यायचा.

पलीकडच्या टेबलावर तो सीनियर त्याची टीम घेऊन बसला होता. माझ्याकडे बघून त्याने स्वतःच्याच डोक्यावर हळूच टपली मारून दाखवली.

दुपारी पैलवानाला त्यांच्या सर्व्हरमध्ये फट सापडली. मी भराभर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, हल्ला आपोआप होत राहील असा. त्यानंतर प्रत्येक फेरीला आमच्याकडून त्यांच्यावर लाल रेघ आणि गोळीचा आवाज. ते फट बुजवायचे, पैलवान दुसरी उघडायचा. सिंधी मित्र टेबलावर मूठ आपटत म्हणत होता, "ठोक, और ठोक." बाकीच्या टीम हसायला लागल्या. सीनियरच्या मानेवर लाली चढत गेली आणि ती बघून मला बरं वाटत होतं.

तो उठून आमच्या टेबलाशी आला. त्याचं म्हणणं, मी त्याच्या टीममध्ये असतानाचा पासवर्ड वापरतेय. मी म्हटलं, "सर्व्हर आज सकाळी मिळालेत. शंका असेल तर जजना बोलवा." आणि मान परत स्क्रीनकडे वळवली. आमच्या टेबलावर पाण्याने भरलेली स्टीलची बाटली होती. ती त्याने उचलली आणि माझ्या कीबोर्डवरच्या उजव्या हातावर घातली.

आवाज आधी कळला, दुखणं मागाहून आलं. दोन बोटं भलतीकडे वळलेली दिसली आणि ती माझी आहेत हे पटेना. त्याने बाटली पुन्हा वर नेली तेवढ्यात पैलवानाने त्याला कमरेतून उचलून खुर्च्यांवर फेकलं. तिथेच थांबला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पैलवान त्याच्या छातीवर बसला. हातातली बाटली काढून घेतली आणि तोंडावर मारायला लागला. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. एक दात घरंगळत माझ्या चपलेपाशी आला. तिघे-चौघे पैलवानाला मागे ओढत होते आणि तो कोणाच्याने हलत नव्हता. माझा प्रोग्रॅम मात्र चालूच होता. माणूस खाली रक्तात पडलेला, आणि पडद्यावर आमच्याकडून त्याच्यावर लाल रेघ, स्पीकरमधून गोळी. कोणीतरी ओरडलं, अरे ते बंद करा. शेवटी सिंधी मित्राने आमच्या लॅपटॉपची नेटची केबल उपटली.

मला आणि सीनियरला उल्हासनगरच्या एकाच हॉस्पिटलात आणलं. पैलवानाला पोलीस घेऊन गेले. मी प्लास्टर घालून बाकावर बसले होते, बाबा औषधं आणायला गेले होते, तेव्हा सीनियरची बायको समोर येऊन उभी राहिली. मारेल असं वाटून मी प्लास्टरचा हात पोटाशी घेतला. ती त्या हाताकडे बघत होती.

"कशाने मारलं?" तिने विचारलं.

"बाटलीने."

तिने ड्रेसची बाही कोपरापर्यंत वर केली. हात मधेच किंचित वाकडा जुळलेला होता. "लाटणं होतं," ती म्हणाली. बाही खाली केली आणि शेजारी बसली. बाबा आले तेव्हा त्यांना वाटलं ती कोणी ओळखीची आहे.

नवऱ्याला बोलता येत नव्हतं. पोलिसांना तक्रार तिच्याकडून हवी होती. ती म्हणाली, मी तिथे नव्हते, त्यांचं तोंड उघडलं की त्यांनाच विचारा. त्या मधल्या काळात सभागृहातले बरेच जण पुढे आले आणि पहिला घाव कोणी घातला ते सांगून गेले. माझी तक्रारही लिहिली गेली होती. पुढे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी समेट घडवला. सीनियरची बायको मुलीला घेऊन माहेरी गेल्याचं मात्र मला नंतर कळलं.

पैलवानाला स्पर्धांमधून कायमचं काढलं. कंपनीने त्याचा फोन घेणं बंद केलं. आता तो जांभूळ गावाला पाण्याच्या प्लांटवर शिफ्टमध्ये काम करतो. गेल्या उन्हाळ्यात मी आणि सिंधी मित्र त्याला भेटायला गेलो. काही स्पर्धा घरबसल्या टोपणनावाने खेळता येतात, तू ये, असं आम्ही म्हटलं. मी त्याचे आभारही मानले. ते आजवर नीट मानलेच नव्हते.

तो म्हणाला, "पहिला फटका तुझ्यासाठी होता. मग तू डोक्यातून निघूनच गेलीस. मला मजा यायला लागली होती."

मित्राने विषय बदलला, दुकानातल्या नव्या गिऱ्हाइकाचा कुठलातरी किस्सा सांगितला. पैलवान थोडा हसला. मग त्याची शिफ्ट सुरू होत होती म्हणून गेटवरून आत गेला, आणि आम्ही रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.