नाल्यातला बिननावाचा मासा

सातपुड्यात बिबट्या दिसला म्हटलं की चोपड्यात चहाच्या टपरीपासून सरकारी कचेरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बिबट्याच. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि बोटाच्या पेराएवढ्या एका माशाच्या मागे लागले आहे. गावाबाहेरच्या नाल्यात तो दगडाला चिकटून राहतो. अंगावर तपकिरी पट्टे. गावात त्याला नाव नाही, पुस्तकांतही सापडेना. एका जाणकारांना फोटो पाठवला, तर ते म्हणाले, "नवीन असू शकतो. पण ही पिल्लं आहेत. पावसाळ्यानंतर पूर्ण वाढलेले मासे पाठवा, मगच सांगता येईल."

म्हणजे थांबा. आणि नेमका त्याच उन्हाळ्यात नाला खोलीकरणाला जेसीबी आला. ज्या ज्या साहेबाकडे गेले, त्याने एकच विचारलं: माशांच्या सरकारी यादीत आहे का? नाही. का नाही? कारण इथे कधी कुणी पाहिलंच नाही. मग पाहत का नाही? यादीत नाही म्हणून! भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

शेवटी सरपंच आबांकडे गेले. त्यांनी बाटलीतलं पिल्लू डोळ्यांजवळ धरलं.

"मॅडम, हाऊ मासा खातस का?"

"नाही हो, आबा."

"मंग?"

त्या 'मंग'ला उत्तर देता देता माझा घसा बसला. त्यांना किती पटलं देव जाणे, पण त्यांनी जेसीबीवाल्याला दम देऊन वरचा एक डोह तेवढा सोडायला लावला. बाकी नाला खरवडून निघाला. आता जे काय उरलं होतं, ते त्या डोहात.

दिवाळीच्या सुट्टीत जाळं घेऊन गेले. आबा काठावर हजर, चेहरा नुसता फुललेला. त्यांनी पाऊस सुरू होताच डोहात चिलापी माशाचं बी आणून सोडलं होतं.

"तुमना मासा एकलाच व्हता. आते बठ्ठा डोह भरी गया!"

चिलापी हा बाहेरून आणलेला, विकायला वाढवतात तो मासा. दुसऱ्यांची अंडी-पिल्लं तो शिल्लक ठेवत नाही. मी ऊन डोक्यावर येईपर्यंत दगड उलटले, जाळं टाकलं. चिलापी, चिलापी आणि चिलापी.

असा संताप आला की जाळं भिरकावून द्यावं. पण ओरडणार कुणावर? अख्ख्या तालुक्यात माझं ऐकून काहीतरी करणारा हा एकच माणूस. तो माझ्यासाठी पिशवीत चिलापी भरत होता आणि विचारत होता, "आते तं त्याले नाव भेटी ना, मॅडम?"